चक्रात नसलेलं नाव

आमच्या शाळेत शिकाऊ बाया येतात आणि जातात. दरवर्षी बी.एड.चं कॉलेज दोन-तीन जणी पाठवतं, त्यातली एक माझ्या वर्गात येते, आणि मी मागच्या बाकावर वह्या तपासत तिच्या चुका बघते. यंदा आली ती चाळिशी ओलांडलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, मी फार उशिरा सुरुवात केलीय, सांभाळून घ्या." म्हटलं, झालं! आता पोरांबरोबर हिलाही शिकवा.

बरीच वर्षं ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. म्हणून स्टाफरूममध्ये तिचं नाव पडलं चष्मेवाली. तिला स्वतःला चष्मा नाही, हा त्यातला विनोद. पहिल्याच आठवड्यात माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाली, "तुमची डावी काडी सैल झालीय," आणि पर्समधून बारकासा स्क्रू-ड्रायव्हर काढून तिथल्या तिथे घट्ट करून दिली. तेव्हापासून मला ती आवडायला लागली, उगाच खोटं कशाला बोलू!

कॉलेजनं या सगळ्यांना सांगितलं होतं की धड्यात ऑनलाइन साधनं वापरा, त्याला मार्क आहेत. चष्मेवालीचा आणि कॉम्प्युटरचा छत्तीसचा आकडा. पण बाई हट्टी. घरी जेवणं आटपली की लॅपटॉप घेऊन बसायची आणि मुलगा डोक्याला हात लावून शिकवायचा. "आई, एकदाच क्लिक कर ना! दार ठोठावतेयस का?" तिनं प्रश्नमंजूषा करून बघितली, त्यात बरोबर उत्तराला 'चूक' आणि चुकीला 'बरोबर' असं होऊन बसलं. पडद्यावर उलटी वेळ मोजणारं घड्याळ लावलं, ते धडा संपायच्या आधीच भोंगा वाजवायचं. शेवटी तिला नावांचं चक्र सापडलं. सगळ्यांची नावं भरायची, बटण दाबायचं, चक्र गरगर फिरून टकटक करत एका नावावर थांबतं. ज्याचं नाव येईल त्यानं उत्तर द्यायचं.

पहिला प्रयोग तिनं घरातच केला. आज भांडी कोण घासणार? नवरा, मुलगा, ती स्वतः आणि सासूबाई. चक्र नेमकं सासूबाईंवर थांबलं. हिनं घाईघाईनं त्यांचं नाव काढून टाकलं, तर सासूबाई उखडल्या. "मला का गं वगळलंस? माझे काय हात मोडलेत?" उठल्या, आणि सगळी भांडी एकटीनं घासली, दाणदाण आदळत. हे सांगताना चष्मेवालीला हसू आवरेना. मीही हसले.

चक्र वर्गात आलं आणि पोरं वेडी झाली. भिंतीवरच्या पडद्यावर ते फिरायला लागलं की सगळे श्वास रोखून बसायचे. इतकी वर्षं मी प्रश्न विचारतेय, पण माझ्या प्रश्नाची कुणी अशी वाट बघितली नव्हती. थोडा पोटशूळ उठला मला.

दुसऱ्याच दिवशी चक्र थांबलं ड्रायव्हरच्या मुलीवर. तिचा बाप बस चालवतो, ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसते, आणि बोलताना अडखळते. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच अडून बसतो. घाई केली की आणखी अडतो. ती उभी राहिली. उत्तर तिला येत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पहिलं अक्षर आलं, मग पुन्हा तेच, मग पुन्हा तेच. कुणीतरी खुसखुसलं. एका कार्ट्यानं तिची नक्कल केली. चष्मेवालीनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि "बरं, बस हं बाळ," म्हणून पुन्हा चक्र फिरवलं.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "बाई, तिचं नाव काढून टाकू का? उगाच पोरीची थट्टा होते."

मी वह्यांमधून डोकंही वर काढलं नाही. म्हटलं, "तुझं चक्र, तुझं राज्य."

तिनं नाव काढलं. कुणालाच कळलं नाही. एवढ्या मोठ्या वर्गाची नावं एका चक्रात कोंबलेली, मागून नीट नजर लावल्याशिवाय नुसते रंगीत पट्टे दिसायचे. धडे झटपट पुढे सरकायला लागले आणि चष्मेवालीचा आवाजही मोकळा झाला. मी मागे बसायचे म्हणून मला एक गोष्ट दिसायची. चक्र सुरू झालं की ड्रायव्हरची मुलगी बाकाची कड घट्ट धरायची, जागेवरून जराशी उठायची आणि ओठ हलवायची. चक्र थांबलं की पुन्हा बसायची. रोज हेच. मला वाटायचं, बिचारी घाबरते.

चष्मेवालीला मात्र तिचं दुसरंच काही दिसलं होतं. ही पोर फळ्याकडे डोळे बारीक करून बघते. शाळा सुटल्यावर तिनं फाटकाशी ड्रायव्हरला गाठलं. "मुलीचे डोळे तपासून घ्या. आजच्या आज." तो म्हणाला, सवड मिळाली की बघतो. ही कसली ऐकतेय! जुन्या मालकाला फोन लावला, तपासणी ठरवून दिली, फ्रेम स्वतः निवडली, आणि चष्मा लवकर द्या म्हणून त्याच्या मागे भुणभुण लावली. मी म्हटलं, याला म्हणतात शिक्षिका.

तिच्या परीक्षेच्या धड्याला कॉलेजचे सर आले आणि मांडीवर फाइल घेऊन माझ्या शेजारी बसले. या एका धड्यावर तिचं पास-नापास ठरणार होतं. त्याच सकाळी ड्रायव्हरची मुलगी नवा चष्मा लावून आली. सगळ्यांकडे अशी टकामका बघत होती, जसं काही आम्हीच नवे आलोय. चष्मेवालीनं कौतुकानं तिच्या कानामागची काडी नीट बसवली आणि धडा सुरू केला.

चक्र एकदा फिरलं, एकानं उत्तर दिलं. दुसऱ्यांदा फिरलं, दुसरीनं दिलं. सर मान डोलवत होते. तेवढ्यात ड्रायव्हरची मुलगी उभी राहिली.

"ब... बाई. माझं नाव त्यात नाहीये."

पोरं माना वळवून तिच्याकडे बघायला लागली.

"मी सगळी वाचली. दो... दोनदा वाचली."

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार, मी वही उघडली. शेवटी सरच मदतीला धावले. "यंत्रच ते, राहिलं असेल एखादं नाव."

"हो ना," चष्मेवाली म्हणाली. "यंत्राचीच चूक. थांब हं, आत्ता घालते."

तिनं नाव घातलं. आणि ती पोर हसली हो! सुटल्यासारखी हसली. एरवी चार शब्द न बोलणारी, पण आता थांबेचना. "मला वाटलं, माझं न... नशीबच तसं. मी रोज उत्तर त... तयार करून यायचे. चक्र फिरताना प... पहिलं अक्षर घोकत बसायचे. म्हणजे न... नाव आलं की लगेच सांगता येईल."

म्हणजे ते ओठ हलणं भीतीचं नव्हतंच. मला वर बघवेना.

जाता जाता सर म्हणाले, "प्रसंगावधान छान दाखवलंत. काळजी करू नका, पास आहात." चष्मेवालीनं मान हलवली, पण धड आभारही मानले नाहीत.

स्टाफरूममध्ये ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "अगं, तिच्या भल्यासाठीच केलंस ना?"

"कसलं भलं, बाई? थट्टेचं वाईट वाटलं असतं तर थट्टा करणाऱ्याचा कान धरला असता. मला धडा वेळेत संपवायचा होता. दुकानात डोळे तपासताना म्हातारी माणसं तक्त्यावरचं एकेक अक्षर वाचायला किती वेळ लावायची, मी कधी 'चला, आटपा' म्हटलं नाही. आणि इथे एका लेकरासाठी थांबता आलं नाही मला. वर तिच्या तोंडावर खोटं बोलले, आणि ती हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. मार्क पदरात पडलेत, गप्प बस."

"मुठीत काय आहे ते मला माहीत आहे ना! सासूबाई निदान माझ्याशी भांडल्या तरी. हिला मी भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही."

दुसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजवूनच. म्हणाली, "सरांना फोन करून खरं सांगितलं. निकाल थांबवलाय. धडा पुन्हा द्यायचाय."

"घेतलास पायावर धोंडा मारून!" मी चिडलेच. चिडले ते तिच्यावरच, असं तेव्हा वाटलं होतं.

ती वर्गात गेली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. "काल मी यंत्राची चूक म्हणाले. ते खोटं होतं. तिचं नाव मी काढलं होतं, माझ्या हातानं. मला त्याची लाज वाटते." मग ती थेट मुलीकडे वळली. "माझं चुकलं, बाळ."

मुलीच्या चेहऱ्यावरचं कालचं हसू पुसलं गेलं. तिला बोलायचं होतं. पहिलं अक्षर अडलं. पुन्हा अडलं. एकानं तोंड उघडलं, तशी मी मागून अशी खाकरले की ते मिटलं. चष्मेवाली थांबली. घड्याळाकडे बघितलं नाही, शब्द पुरवला नाही, नुसती थांबली.

"क... का?"

आता हे वर्गासमोर सांगायचं म्हणजे! मला वाटलं, काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेईल.

"तुला वेळ लागतो," चष्मेवाली म्हणाली, "आणि मला घाई होती."

मुलीनं चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर चक्र होतं. तिनं त्यात आपलं नाव शोधलं, बोट दाखवून शेजारणीला दाखवलं, आणि म्हणाली, "फ... फिरवा."

चक्र फिरलं. तिनं बाकाची कड धरली, ओठ हलायला लागले. टकटक हळू होत गेली, चक्र तिच्या नावाला घासून पुढे गेलं आणि शेजारच्या पट्ट्यावर थांबलं.

"छे!" ती ओरडली, आणि तिच्याबरोबर अर्धा वर्ग ओरडला.

चष्मेवाली आमच्याकडे पाठ करून फळा पुसत होती. फळ्यावर काहीच नव्हतं.