थर्माकोलच्या डब्यातल्या शेपट्या

मासळीबाजारात थर्माकोलच्या डब्यातून बर्फाचं पाणी गळताना दिसलं की मला सानगडीच्या बसस्टँडवरून आणलेला तो डबा आठवतो. आजारी बाबांनी चार दिवसांपासून अन्न सोडलं होतं. मुंबईच्या हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या माझ्या भावाला सुट्टी मिळेना, म्हणून झिंग्यांवर जीव असलेल्या बाबांसाठी त्यानं ओळखीच्या माणसासोबत लॉबस्टरच्या दोन शेपट्या पाठवल्या आणि मला फोनवर बजावलं, "पाचच मिनिटं शिजव." पण आई ऐकेना. "पाच मिन्टात चिखलाचा वास तरी जाते का? कच्चाच चारशील का त्याईले?" आमच्या बोडीतले, म्हणजे गावच्या लहान तळ्यातले, झिंगे हळद-चिंच घालून खूप वेळ उकळावे लागतात, समुद्रातल्याला तो वास नसतो हे मला तरी कुठं ठाऊक होतं? आम्ही तासभर उकळलं. कवच लालभडक झालं, आतलं मांस मात्र चपलेच्या रबरासारखं. तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला, डोक्यावर कामाची पांढरी टोपी तशीच. मी बाबांच्या तोंडात तुकडा दिला. ते चावत राहिले, नुसते चावतच राहिले. "बाबा, कसा झाला?" भावानं विचारलं. "मस्त झाला रे, खाऊन राहिलो," बाबा म्हणाले. फोन बंद होताच त्यांनी गालातला तुकडा जसाच्या तसा माझ्या तळहातावर काढून ठेवला. "त्याले नोको सांगू." त्याच आठवड्यात बाबा गेले. "शेवटी बाबांनी मी पाठवलेलं खाल्लं," असं भाऊ अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मग माझ्याकडे बघतो, आणि मी दरवेळी हो म्हणते.