आखाजीला घेतलेलं नाव

माय यायच्या आधी मिरचीचा ठसका घरात यायचा. दोंडाईच्याच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानावर, नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असे; तिथे दिवसभर देठं खुडून ती परतायची, आणि मी धावत गेले की दोन्ही हात पाठीमागे लपवायची — "दूर रहाय, डोया बळतीन." राखेने धुतले, ताकाने धुतले, तरी त्या बोटांतली आग जात नसे. माझ्या सबंध लहानपणात तिने मला कुरवाळलं ते मनगटाच्या मागच्या बाजूने. ती खरबरीत, थंड मनगटं... अंगात ताप असला की आजही मला तीच आठवतात.

वडील घरात नव्हते. गाव त्यांना नाना म्हणे, मीही नानाच म्हणायचे, पण हाक मारायला ते समोर असत कुठे? सातपुड्यातल्या लोकांच्या कसत्या जमिनींसाठी बंदूक हाती घेतलेल्या एका दलात ते भूमिगत झाले, तेव्हा मी पाळण्यात होते. पोलिसांची जीप यायची, कणगीतली ज्वारी अंगणात ओतली जायची, आणि जीप गेली की माय आणि माझे आजोबा — आबा — मातीतून दाणे वेचत बसायचे. माय ज्याच्या शेतात निंदायला जाई, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जीप जाई. म्हणून गावात तिला काम मिळेना, म्हणून ती मिरची. तरी मला शाळेत घातलं. शेजारची अक्का हसायची, "बाप डोंगरमा, नि पोर शाळामा! कलेक्टर व्हई का व?"

"व्हई," माय म्हणायची, "नि पहिले तुन्ह्या म्हशी मोजाले ई."

एका फाल्गुनात डोंगरात चकमक झाली. एक देह सापडला. चेहरा उरलेला नव्हता. ओळख पटवायला आबांना धुळ्याला नेलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हाऊच मन्हा पोऱ्या शे." तिथेच त्याला अग्नी दिला. मायच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं. जीप यायची थांबली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरी आलेल्या लेकींचे झोके, सांजोऱ्यांचा तुपकट वास — आणि पितरांच्या घागरी. त्या वर्षी गेलेल्या माणसासाठी नवी लाल घागर भरायची, तिच्यावर पिकलेलं डांगर ठेवायचं. त्या खरबुजाचा गोड वास आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत मिसळून सगळं घर जड करून टाकी. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून, एकेका पितराचं नाव घेत घास टाकायचा. भाऊबंद जमले होते. त्यांत पोलीस पाटीलही होते. नात्याने आमचेच, पण नजर सरकारची. आबांनी आपल्या आजोबांचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं... आणि नानांचा घास हातात धरून थांबले. तूप तडतडत राहिलं.

"आबा, नाव ल्या ना," पाटील म्हणाले. मग आवाज बदलून, "का बरं लेतस नहीत?"

आबांनी घास निखाऱ्याजवळ नेला आणि परत मागे घेतला. परक्या देहाला 'माझा मुलगा' म्हणताना न अडखळलेला तो माणूस, जिवंत मुलाला पितरांच्या पंगतीला बसवू शकत नव्हता. खरं काय ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं — मायलाही नाही, तिचं रडणं खरं वाटायला हवं म्हणून. दाराआड उभ्या असलेल्या मायला ते त्या थांबण्यातून कळलं. हे तिनेच मला पुढे सांगितलं. त्या दिवशी मला दिसला तो फक्त तिचा चेहरा — एकदम उजळलेला, आणि लगेच पदराखाली गेलेला.

ती बाहेर आली. आबांच्या हातातून घास घेतला. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. "रघुनाथ," ती म्हणाली, पाटलांना नीट ऐकू जाईल असं, आणि घास निखाऱ्यावर ठेवला.

पाटील जेवून गेले.

पुढे सरकारने माफी जाहीर केली, नाना शरण आले, तुरुंग भोगला, निवडणूक लढले, मंत्री झाले. ते गावात आले तेव्हा वेशीला केळीचे खांब बांधले होते, गुलालाने रस्ता लाल झाला होता. घरात शिरून त्यांनी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा उचलला आणि मायपुढे धरला. माय मागे सरली.

"अवं, मी जित्ता शे ना!" ते हसले.

"शेतस ना. त्यानाकरताच लिधं तुमनं नाव," माय म्हणाली. "पन आगमा टाकेल नाव मांगे येस का?"

सभा गाजवणाऱ्या त्या माणसाने करंडा परत देव्हाऱ्यात ठेवला. मुंबईच्या बंगल्याचा उंबरठा तिने कधी ओलांडला नाही. आणि आबा? त्यांनी मरेपर्यंत दर आखाजीला त्या अनोळखी पोरासाठी घागर भरली. तो कोणाचा होता, त्याची आई अजून वाट बघत असेल का — आम्हाला कधीच कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माय गेली. बायकांना पेच पडला — नवरा हयात, मंत्री, ओट्यावर बसलेला. मग हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून सवाशीण म्हणून न्यायची का? कोणीतरी नानांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारे, सुजलेले डोळे... मला फार वाईट वाटलं त्यांचं, खरं सांगते. तरी मी म्हटलं, "नको. तिचं तिने कधीच ठरवलं होतं." पांढऱ्या लुगड्यातच नेली.

ज्या जमिनींसाठी ते डोंगरात गेले होते, त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, नानांच्याच सहीने. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. एवढं झालं.