भाव सांगताना

वायरिंगच्या काळ्या टेपचा डांबरासारखा वास आला, की मला झरी गावातलं ते एका खोलीचं घर आठवतं. मी तेव्हा नुकताच आयटीआय पास झालो होतो. ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईंनी घरात पहिल्यांदाच वीज घेतली होती आणि मी त्यांचा दिवा बसवायला गेलो होतो. शेणानं सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात बांधून ठेवलेले कोयते पाहून मी मनातच भाव उतरवला. काम संपल्यावर म्हणालो, "मावशी, तीन रुपये द्या." त्यांनी विचारलं, "शेजारच्या गुरुजीकून किती घेतलास?" "पाच." "मग आमच्या घरी दोन रुपयानं कमी काम केलास का?" मी खाली बघितलं, कारण दिव्याच्या लाकडी ठोकळ्यामागचे वायरचे सांधे मी टेप न लावताच झाकले होते, एवढ्या पैशात एवढं पुरे, असं मला वाटलं होतं. मी पुन्हा शिडीवर चढलो आणि सांधे नीट गुंडाळले. खाली उतरलो तेव्हा त्या पाच रुपये घेऊन उभ्या होत्या. "आमचं घर बघून भाव सांगू नगंस," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी कुणाचंच घर बघून भाव सांगितला नाही. पण ते तीन रुपये मी दयेपोटी मागितले होते की कच्चं काम झाकायला, हे मला आजही ठरवता येत नाही.