पाण्यातला सेन्सर

दीडशहाणा कसा असतो ते बघायचं असेल, तर दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांतला मी बघायला हवा होता. डिप्लोमावाला, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. माझा मित्र आयटीआय झालेला, तिथंच कंत्राटी फिटर. माझ्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढून आम्ही दोघांनी तिला भंगारातून जमवलेलं, कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन बसवलं. जमलं की नोकऱ्या सोडून अंबडला गॅरेज टाकायचं ठरलं होतं. मला हौस होती; त्याला कंत्राटातून सुटायचं होतं.

गाडी सुरू झाली, पण काळा धूर ओकायची आणि पेट्रोल ढोसायची. लॅपटॉपवर इंजिनाचं तापमान पंचावन्न अंशांच्या वर सरकेना, आणि इंजिन अजून गारच आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राही. त्र्यंबक रोडला वीस किलोमीटर पळवून आणलेली गाडी गार कशी असेल? मी निकाल देऊन टाकला: पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर खोटा. तो मित्रानं आणलेला. त्यानं आमच्याच ओट्यावर दुधाच्या पातेल्यात पाणी उकळलं, सेन्सर बुडवला, मीटर लावला. आकडे बरोबर आले. बायको पातेल्यावरून करवादली ती वेगळीच. तो म्हणाला, सेन्सर खरं बोलतोय, आपण दुसरीकडे बघू.

"तुला मीटर तरी वाचता येतो का?" मी म्हणालो. "तू आपले पाने फिरव."

त्यानं मीटर पुसून पेटीत ठेवला आणि गेला. मी नवा सेन्सर आणला, तोही पंचावन्नच. मग मित्रानं केलेल्या वायरिंगला शिव्या घातल्या आणि कार्बोरेटर परत चढवला; गॅरेजचा विषय तिथंच संपला. पुढं त्याचं कंत्राट संपलं, तेव्हा साहेबांकडे साधा शब्दही टाकला नाही मी.

सात-आठ वर्षांनी गाडी विकायला काढली. मेकॅनिकनं पाण्याचा पाइप उघडला आणि विचारलं, थर्मोस्टॅट कुठंय? इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप. इंजेक्शन बसवण्याच्याही आधी, एका मे महिन्यात मीच ती उपटून फेकली होती. नाशकात सगळेच काढायचे, थंड देशातलं खूळ म्हणून. ती नव्हती म्हणून इंजिन खरोखरच गार राहत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

मित्राला शोधत एकलहऱ्याला गेलो. तो वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होता, पुन्हा कंत्राटीच. सगळं सांगितलं, माफी मागितली. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे सेन्सर चांगला होता?" त्यानं विचारलं.

"होता. तुझंच बरोबर होतं."

तो हळूहळू बोलला. मी शिकलेला, म्हणून त्यानं माझंच खरं मानलं होतं. आपल्या चुकीमुळं गॅरेज बुडालं, असं घरी बायकोलाही सांगून टाकलं होतं.

"त्यानंतर एकाही गाडीला हात लावला नाही मी," तो म्हणाला.