पान लागलं

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढे विचारायला तोंड उरलं नाही.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. मी हैदराबादेत वाढलेला, लोहा गावच्या शाळेत नवा मास्तर. वाटेवरच्या बोडक्या माळावर तो रोज दिसायचा. दगड उलटायचा, बिळापाशी आडवा होऊन माती हुंगायचा. कमरेला कधी घोरपड बांधलेली असायची. "आज काय धुंडतोस?" विचारलं, की म्हणायचा, "जनावर, मास्तर." मला वाटे, घोरपडच.

एका दुपारी तो धापा टाकत शाळेच्या दारात आला. "मास्तर, सायकल द्या. बायकूला पान लागलं. वैद्याला आणतो."

मला हसू आलं. तंबाखूचं पान खाऊन चक्कर आली असेल. "गुळाचा खडा दे, उतरेल," म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. त्यानं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पायीच पळत सुटला. सायकल भिंतीला टेकलेली होती.

संध्याकाळी शिपायानं सांगितलं, की साप चावला तर इकडे 'पान लागलं' म्हणतात. माणूस वाचावा म्हणून सापाचं नाव तोंडातून काढत नाहीत. वैद्य पोचायच्या आधीच ती गेली होती.

आठ दिवसांनी तो माळावर दिसला, तसाच बिळापाशी आडवा. मी सायकलवरून उतरलो. त्यानं मान वर केली.

"साप धुंडून राहिलो, मास्तर," तो म्हणाला. "आता नाव घेतलं तरी चालतंय."