बेटावरचे रविवार

बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या एका शाळेत मालतीबाई महाजनांनी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या बंदूक चालवायला बसल्या. ती बंदूक टॅबच्या पडद्यावरची होती, पण बाई टॅब खऱ्या बंदुकीसारखा दोन्ही हातांनी घट्ट धरत.

याला कारण त्यांची मुलगी. निशा एकुलती एक, नोकरीसाठी आयर्लंडला गेलेली. व्हिडिओ फोन रोज व्हायचा, पण बोलणं हळूहळू आटत चाललं होतं. "जेवली का?" "हो. तू?" "झालं. पप्पा?" "मंडीत गेले." विनायकराव केळीच्या मंडीत आडतीचं काम बघत, त्यामुळे फोनच्या वेळी ते बहुतेक तिथंच असत. मग मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसत. मुलगी ठेवत नसे, कारण आईला वाईट वाटेल. आईही ठेवत नसे, कारण ठेवल्यावर घर फारच गप्प व्हायचं.

एका रविवारी दुपारी निशा फोन कापायला विसरली. मालतीबाईंना तिचा आवाज ऐकू येत राहिला. ती कुणालातरी इंग्रजीत सांगत होती, डावीकडून ये, छपरावर आहे तो, अगं वाचव ना मला. आणि मग ती हसली. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत. हे हसणं बाईंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या भाजी निवडायची सोडून फोनला कान लावून बसल्या, आणि मधेच फोन कटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल कोणाशी हसत होतीस?"

"मार्सिया होती. ऑफिसमधली. गेम खेळत होतो."

"मला शिकवशील?"

निशाला आधी मस्करीच वाटली. "मम्मी, तुला मोबाइलवर रिचार्ज जमत नाही."

"तू शिकव, मी शिकते."

कपाटातला निशाचा जुना टॅब काढला, चार्ज केला. खेळ समजायला तसा सोपा होता. तिघातिघांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उतरतात. प्रत्येक जण एखादा वीर निवडतो, आणि प्रत्येक वीराकडे स्वतःची एक विद्या असते. कुणी भिंत उभारतो, कुणी धूर करतो. बेटाभोवती आगीचं कडं हळूहळू आवळत येतं आणि शेवटी उरेल ती टोळी जिंकते. मार्सिया त्याच आठवड्यात तिच्या देशी परत गेली, तिकडची वेळ जुळेना, म्हणून निशाच्या टोळीत जागा रिकामी होती. तिसरा गडी कोणीतरी अनोळखी, खेळच जोडून देई.

समजणं सोपं, पण करणं महाकठीण. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं, हे बाईंना एकदम जमेना. चालायला गेल्या की आभाळाकडे बघत, आणि बघायला गेल्या की जागच्या जागी गरगर फिरत.

"मम्मी, कुठं आहेस?"

"अगं, भिंतीला तोंड लावून उभी आहे."

"मागं फिर."

"मागंही भिंतच आहे."

निशा चिडली नाही. ती परत येई, समोर उभी राही आणि म्हणे, माझ्या पाठीकडे बघत ये, दुसरं काही करू नको. पहिले कितीतरी डाव मालतीबाईंनी मुलीच्या पाठीकडे बघत घालवले. कुठंतरी गोळ्या सुटत, त्या कधी मरत हे त्यांना कळतही नसे. निशाने त्यांना एक जखमा भरणारी वीर निवडून दिली. तिचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. बाई तिला डॉक्टरीणबाई म्हणत. तिच्या हातात एक दिवा असे, तो पेटवला की शेजारच्या गड्याची जखम भरे. "तू मारू नको कुणाला," निशा म्हणाली. "मला लागलं की पट्टी कर, बस." हे काम बाईंना पटलं.

विनायकरावांना हे सगळं बघवेना. मंडीतून आले की चपला काढताकाढता विचारत, "झाली का लढाई?" पण रविवारची दुपार त्यांनी बायकोला मोकळी सोडली होती. चहा स्वतः करून घेत.

आणि बोलणं परत आलं. समोर तोंड नसल्यामुळे असेल, किंवा हात गुंतलेले असल्यामुळे. एखाद्या पडक्या गोदामात दबा धरून बसल्या की निशा सांगे, तिकडे हिवाळ्यात चार वाजता काळोख होतो, घरमालकीण चांगली आहे, तापात एकटीने तीन दिवस काढले. "सांगितलं नाहीस?" "तू रडली असतीस." बाई म्हणत, तापीला पाणी आलंय, शेजारच्या रंभाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बोलताबोलता कडं जवळ आलं की दोघी उठून पळत.

अशाच एका झोपडीत निशा म्हणाली, "मम्मी, एक सांगायचंय."

"बोल ना."

"मी इथंच राहायचं ठरवलंय. कायमचं. अर्ज टाकला."

मालतीबाईंचे अंगठे पडद्यावरच थांबले. पडद्यावरची डॉक्टरीणबाई दारात उभी राहिली, हातात दिवा घेऊन, बाहेर गवत हलत होतं. येत्या दिवाळीनंतर मुलगी इंदूरला किंवा पुण्याला येईल, शनिवारी बसने घरी येत जाईल, असं त्यांनी मनात कधीचं मांडून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, निशालाही नाही.

"मम्मी, ऐकू राहिली ना?"

तेवढ्यात खिडकीतून गोळ्या आल्या आणि निशा पडली. बाईंचा दिवा पेटेपर्यंत उशीर झाला. त्या मागच्या दाराने निसटल्या, झुडपात बसल्या. मारणारे निघून गेले. तिसरा गडी केव्हाच मेला होता.

खेळात मेलेल्याची एक निळी खूण जमिनीवर उरते. ती उचलून मनोऱ्यापाशी नेली तर गडी परत येतो. मनोरा बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता.

"सोड मम्मी," निशा म्हणाली. ती आता आपल्या पडद्यावर आईच्याच डोळ्यांनी सगळं बघत होती. "दुसरा डाव लावू."

"गप बस. कुठून जायचं ते सांग."

बाईंनी खूण उचलली आणि पळत सुटल्या. पूल ओलांडला, ओढ्यात उतरल्या, चढ चढल्या. चालणं आणि बघणं दोन्ही जमत होतं, याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. कडं पाठीला भाजत होतं. निशा हळू आवाजात सांगत होती, उजवीकडून, आता दगडामागं थांब, आता जा. मनोऱ्यावर हात ठेवून उभं राहावं लागतं, कुणीही टिपून घेईल असं उघड्यावर. बाई उभ्या राहिल्या. मग आभाळातून एक ठिपका उतरत उतरत आला आणि त्यांच्या शेजारी निशा उभी राहिली.

"आलीस?" मालतीबाई मोठ्याने म्हणाल्या.

आतून विनायकरावांनी विचारलं, "कोण आलं गं?"

बाईंनी डॉक्टरीणबाईचा दिवा निशाकडे वळवला.  पुढच्या चकमकीत दोघीही लगेच मेल्या. टॅब ठेवताना बाई म्हणाल्या, "अर्ज केला ते बरं केलं. तब्येत सांभाळ." त्या वाक्यासाठी त्यांना फार ताकद लागली, पण निशाला ते कळू दिलं नाही.

पावसाळ्यानंतर अर्ज मंजूर झाला. निशाला बढती मिळाली, रविवारीही काम निघू लागलं, मग तिकडे तिची नवी मंडळी जमली. डाव कमी होत गेले. तिने आईला कधी टाळलं नाही. फोन करून सांगे, आज नाही जमणार गं. बाई म्हणत, असू दे.

पण रविवारी दुपारी त्या टॅब काढतातच. खेळ उघडला की बाजूला निशाच्या नावाशेजारी हिरवा दिवा असतो किंवा नसतो. असला, तर ती घरी आहे, बरी आहे, या घटकेला कुठल्याशा बेटावर कुणाबरोबर तरी पळते आहे. बाई तिला बोलावत नाहीत. सरावाच्या मैदानात उतरतात, जिथं कुणी मारत नाही, आणि डॉक्टरीणबाईला घेऊन मोकळ्या माळावर चालत राहतात, निशाच्या नावाशेजारचा हिरवा दिवा विझेपर्यंत.