शिंगांचा रंग आणि गाडीचा सेल्फ

दारव्ह्याला आमच्याकडे जुनी मोटार आली तेव्हा गावात मोटारी मोजक्याच होत्या. आमचे हे डॉक्टर. खेड्यापाड्यांतून बोलावणी यायची, म्हणून घेतली. माणसाचा आजार त्यांना नाडीवर हात ठेवला की कळायचा, गाडी चालू झाली नाही की मात्र निदान एकच, "बॅटरी गेली." बॉनेट न उघडताच. मला त्याचा भारी राग यायचा. गाडी मिस्त्रीचाचांकडे दुरुस्तीला दिली की हे दवाखान्यात पळायचे आणि दुकानासमोरच्या बाकावर बसून राहायचे मी. नुसतं बसून तरी माणूस किती बसणार? मी विचारत गेले आणि चाचा सांगत गेले.

"पयले हॉर्न वाजवा बाई, मंग दिवे लावा," ते म्हणायचे. "हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख, तं बॅटरीले बदनाम करू नका. दिवे लावूनच सेल्फ मारा. दिवे मेले आन् सेल्फ नुसता टक करून राह्यला, तं एकेक जोड हातानं चाचपा. जो तापला, तिथंच करंट अडून राह्यला."

हे ज्ञान कामाला आलं ते एका गणेशचतुर्थीला.

माझे वडील बोरी अरबला राहायचे. आई गेल्यापासून शेत आणि बैल, एवढंच त्यांचं जग. आईनं माझ्यासाठी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला होता आणि तो फेडायचा राहूनच गेला होता. बाबांचे गुडघे आता एसटीत चढू देत नव्हते आणि मोटारीत ते बसत नव्हते. "बिनजीवाची वस्तू हाय ते," म्हणायचे. "बैलाले मालूम रायते का आपल्या मागं कोन बसलं. इले काय मालूम?" मी वर्षभर त्यांच्या मागे लागले, तेव्हा कुठे या चतुर्थीला हो म्हणाले. आदल्या संध्याकाळी बैलांची दमणी जुंपून आमच्याकडे आले. ही संधी गेली तर बाबा पुन्हा हो म्हणणार नाहीत आणि आईचा नवस तसाच राहील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सकाळी अंघोळ केली तीही चिंतामणीला धमकावतच.

पोळा नुकताच झाला होता. आमच्या इथल्या शेतावरचा सालगडी वयानं बाबांच्याच जोडीचा, हौशी माणूस. बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग त्यानं गाडीला लावला होता. मडगार्डला पट्टा, चाकांच्या मधोमध ठिपका आणि बॉनेट उघडून आतल्या गंजलेल्या लोखंडालाही हात फिरवलेला. पावसानं रस्ते खराब, म्हणून तेव्हापासून गाडी छपरीतच उभी होती.

ह्यांनी सेल्फचं बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक.

"बॅटरी गेली," हे म्हणाले.

बाबा काठी उचलून दमणीकडे चालू लागले. 

"थांबा जरा, बाबा," मी म्हटलं आणि ह्यांना हॉर्न वाजवायला सांगितलं. खणखणीत. दिवे लावायला सांगितले. लख्ख. दिवे लागलेले असताना पुन्हा सेल्फ मारायला लावला, तेव्हा दिवे विझल्यासारखे झाले. मी बॉनेट उघडून जोड चाचपत गेले. बॅटरीवरचे दोन्ही गार. बॅटरीकडून गाडीच्या लोखंडाला जाणाऱ्या पट्टीच्या बोल्टला हात लावला आणि चटकन मागे घेतला. बोल्ट लालभडक रंगवलेला होता. वरूनच रंगवावा ना! पण गडी कामाचा पक्का. त्यानं पट्टी सोडवली होती, तिच्या खालीही रंग दिला होता आणि वाळल्यावर घट्ट आवळली होती. रंगाच्या थरातून करंट जाणार कसा? शिंगाला तो मुळापासूनच रंग देई.

गडी पोळ्याला मिळालेलं नवं धोतर नेसून शेजारीच उभा होता. "काय झालं बाई? रंग कमी पडला का?"

माझी जीभ तशी तिखट, पण त्याच्या तोंडाकडे पाहून ती टाळ्याला चिकटली. "नाही हो, गाडी तापली आहे," मी म्हटलं. "विहिरीवरून ताजं पाणी आणा."

तो तांब्या घेऊन वळला तशी मी पाना लावून पट्टी सोडवली आणि भाजीच्या चाकूनं दोन्हीकडचा रंग खरवडला. लोखंड चकाकलं. पट्टी आवळून वरचा रंग होता तसा राहू दिला. बाबा दमणीला टेकून सगळं बघत होते. ह्यांनी बटण दाबलं आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

आवाज ऐकून गडी पाणी सांडत धावत आला. तांब्या हातातच राहिला. "पाहा बाई, म्या म्हनलं होतं न? रंग देल्ला तं तिले हुरूप आला."

मी चाकू पदराआड केला. नखांत लाल चुरा भरला होता. बाबांनी आधी माझ्या नखांकडे पाहिलं, मग गड्याकडे.

"हो बाप्पा," ते म्हणाले. "जीव हाय तिच्यात."

मग त्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या आणि गाडीत बसले. गड्यानं त्या उचलून आत ठेवल्या.